‘पलटण’ कुठे लिहावी, कुठे लिहू नये: सैनिकाच्या युनिटचे नाव बिनचूक लिहिण्यासाठी

दोन माजी सैनिक भेटले की नाव-गाव विचारून झाल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘पलटण कुठली?’ उत्तर येते, ‘पाच मराठा’ किंवा ‘आठ महार’. आधी आकडा, मग रेजिमेंटचे नाव. हा आकडा बटालियनचा असतो. सैन्यात पलटण म्हणजे पायदळाची बटालियन. ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली, तर बातमी, श्रद्धांजलीचा लेख, गावाच्या शहीद स्मारकावरचा मजकूर किंवा घराण्याचा इतिहास लिहिताना होणाऱ्या निम्म्या चुका टळतात.

चुका होतात त्या मुख्यतः ‘प्लाटून’मुळे. दोन्ही शब्द कानाला जवळचे वाटतात, म्हणून इंग्रजी मजकुरातल्या प्लाटूनचे मराठीत सर्रास ‘पलटण’ होते. पलटण हा शब्द बटालियनचा अपभ्रंश आहे असे बहुतेक जण मानतात. काही जण त्याचे नाते प्लाटूनच्या फ्रेंच मुळाशी जोडतात. व्युत्पत्ती कोणतीही धरा, भारतीय सैन्यात आणि मराठीत शब्द रुळला तो बटालियनसाठीच. दोन्हींतला फरक आकड्यांत पाहिला की चूक केवढी मोठी आहे ते कळते.

पायदळात सर्वांत लहान तुकडी सेक्शन, सुमारे १० जणांची. तीन सेक्शन मिळून प्लाटून, साधारण ३० ते ३५ जण. तिचा कमांडर बहुधा नायब सुभेदार किंवा सुभेदार असतो, कधी एखादा तरुण लेफ्टनंट. तीन प्लाटूनची कंपनी, सुमारे १२० जवान, कमांडर सहसा मेजर. कंपन्यांना अ, ब, क असे म्हणत नाहीत, तर अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा म्हणतात. अशा चार रायफल कंपन्या, शिवाय मॉर्टरसारखी जड हत्यारे सांभाळणारी सपोर्ट कंपनी आणि हेडक्वार्टर कंपनी, हे सगळे मिळून बटालियन होते: सुमारे ८०० माणसे. हीच पलटण. तिचा कमांडिंग ऑफिसर आज कर्नल असतो, आणि संपूर्ण पलटणीत सुभेदार मेजर एकच असतो. तीन पलटणींची ब्रिगेड, तिच्यावर ब्रिगेडिअर. त्यापुढे डिव्हिजन आणि कोअर.

आता हे वाक्य पाहा: ‘शत्रूच्या एका प्लाटूनने चौकीवर हल्ला केला.’ भाषांतरात ‘शत्रूच्या पलटणीने’ असे झाले, तर ३० जणांचे ८०० झाले. चौकीतल्या १० जणांनी ३० जणांना परतवणे हा मोठाच पराक्रम आहे. तो फुगवून सांगितला की वाचकाचा विश्वास उडतो आणि लढलेल्यांवर अन्याय होतो. उलट बाजूनेही हेच घडते. आजोबा ‘आमची पलटण इटलीत होती’ असे सांगून गेलेले असतात आणि नातू इंग्रजीत लिहिताना ‘प्लाटून’ लिहितो.

मूळ मजकुरात माणसांचा आकडा नसेल, तर कमांडरचा हुद्दा पाहा. नायब सुभेदार असेल तर प्लाटून, मेजर असेल तर कंपनी, कर्नल असेल तर पलटण. जुन्या लढायांबद्दल लिहिताना मात्र एक गोष्ट सांभाळा. पूर्वी बटालियनचा कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल असे. १९६५ किंवा १९७१च्या लेखात ‘लेफ्टनंट कर्नल’ दिसले तर ते ‘दुरुस्त’ करून कर्नल करू नका.

रेजिमेंट आणि पलटण

दुसरा मोठा घोटाळा इथे होतो. ‘मराठा बटालियनचे जवान’ असे लिहिले जाते, पण ‘मराठा बटालियन’ नावाची एकच एक बटालियन नाही. मराठा लाइट इन्फन्ट्री ही रेजिमेंट आहे आणि तिच्या अनेक बटालियन आहेत. भारतीय पायदळात रेजिमेंट एकत्र लढायला जात नाही. तिची एक पलटण काश्मीरमध्ये, दुसरी ईशान्येला, तिसरी राजस्थानात असू शकते, आणि प्रत्येक पलटण वेगवेगळ्या ब्रिगेडच्या हाताखाली असते. रेजिमेंट म्हणजे आडनाव आणि पलटण म्हणजे घर, असे समजावे. भरती, प्रशिक्षण, परंपरा, निशाण, जयघोष आणि नोंदी रेजिमेंटच्या. खंदक, गस्त, लंगर आणि लढाई पलटणीची. म्हणून ‘मराठा रेजिमेंटने अमुक शिखर घेतले’ असे लिहिण्याआधी कोणत्या क्रमांकाच्या पलटणीने घेतले ते शोधा.

‘बेळगावच्या पलटणीत होते’ हे वाक्यही जपून वापरा. बेळगावला १९२२पासून मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेजिमेंटल सेंटर आहे. तिथे रंगरूट घडतो आणि तिथून त्याला पलटणीत पाठवतात. सेंटर ही पलटण नव्हे, आणि त्याच्या प्रमुखाला कमांडंट म्हणतात. महार रेजिमेंटचे सेंटर मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, गार्ड्सचे कामठीला, तोफखान्याचे एक सेंटर नाशिक रोडला, तर रणगाडा दल आणि मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री यांची अहिल्यानगरला. घरात ‘ते नाशिकला होते’ एवढेच माहीत असेल, तर बहुधा प्रशिक्षणाची जागा आठवणीत राहिली आहे आणि युनिट वेगळेच आहे.

नावांतही सापळे आहेत. ‘ब्रिगेड ऑफ द गार्ड्स’ ही ब्रिगेड नसून रेजिमेंट आहे. ‘११ गोरखा रायफल्स’ मधला ११ हा रेजिमेंटचा क्रमांक आहे, बटालियनचा नव्हे. कॅप्टन मनोजकुमार पांडे १/११ गोरखा रायफल्सचे, म्हणजे ११व्या गोरखा रायफल्सच्या पहिल्या बटालियनचे. ही तिरकी रेघ ‘किंवा’ची नाही आणि अपूर्णांकाचीही नाही. रेघेच्या आधी बटालियन, नंतर रेजिमेंट.

आजोबांच्या पलटणीचा आकडा वाचताना

स्वातंत्र्यापूर्वी हीच तिरकी रेघ मराठा पलटणींच्या नावातही होती, आणि महाराष्ट्रातल्या घरोघरच्या कागदांत ती सापडते. नाईक यशवंत घाडगे यांना इटलीतल्या १० जुलै १९४४च्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची पलटण ३/५ मराठा. शिपाई नामदेव जाधव यांना सेनिओ नदीवरच्या ९ एप्रिल १९४५च्या कामगिरीसाठी तोच सन्मान मिळाला. त्यांची पलटण १/५ मराठा. दोन्हींत ५ हा रेजिमेंटचा क्रमांक आहे, कारण १९२२च्या पुनर्रचनेनंतर संपूर्ण रेजिमेंटचे नाव ‘५वी मराठा लाइट इन्फन्ट्री’ असे होते.

यातूनच आजचा एक नियम निघतो. आजच्या पलटणीला ‘५वी मराठा लाइट इन्फन्ट्री’ म्हणू नका, त्याने जुन्या काळातली अख्खी रेजिमेंट सूचित होते. ‘५ मराठा लाइट इन्फन्ट्री’ किंवा ‘मराठा लाइट इन्फन्ट्रीची ५वी बटालियन’ असे लिहा.

पहिल्या महायुद्धाच्या कागदांवर तीन आकडी क्रमांक दिसतो: १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७. त्यामागे साधा हिशेब आहे. १९०३च्या फेररचनेत मुंबई इलाख्यातल्या पायदळाच्या जुन्या क्रमांकात १०० मिळवले गेले. तिसरीची १०३वी झाली, पाचवीची १०५वी, सतरावीची ११७वी. १९२२मध्ये या सहा पलटणी एका रेजिमेंटमध्ये आल्या. १०३वी झाली १/५, १०५वी २/५, ११०वी ३/५, ११६वी ४/५, ११७वी ५/५, आणि ११४वी प्रशिक्षण बटालियन म्हणून १०/५. स्वातंत्र्यानंतर मागचा ५ गेला. १/५ची आज १ मराठा आहे. ही पलटण मूळची १७६८ची, ‘जंगी पलटण’ या नावाने ओळखली जाते. २/५ची २ मराठा झाली, तिला ‘काली पाँचवीं’ म्हणतात. क्रमांक २ असताना नावात पाचवी कशी, याचे उत्तर जुन्या क्रमांकात आहे. ३/५ मात्र मराठा लाइट इन्फन्ट्रीत राहिली नाही, ती पॅराशूट रेजिमेंटमध्ये जाऊन २ पॅरा झाली. म्हणून यशवंत घाडगे यांच्या पलटणीचा वारसा शोधत बेळगावच्या आजच्या यादीत ‘३ मराठा’ पाहू नका.

पणजोबा पहिल्या महायुद्धात कूटच्या (आजच्या इराकमधल्या) वेढ्यात सापडले होते, असे घरात सांगत असतील तर १०३, ११० आणि ११७ या तीन क्रमांकांपासून सुरुवात करा. सहाव्या पुणे डिव्हिजनमधल्या या तिन्ही मराठा पलटणी तिथे होत्या. वेढा संपून शरणागती झाली २९ एप्रिल १९१६ रोजी. त्यानंतरच्या महिन्यांबद्दल ‘पलटण अमुक ठिकाणी लढत होती’ आणि ‘पणजोबा कैदेत होते’ या दोन नोंदी एकत्र आल्या तर गोंधळू नका. कैदेत गेलेल्यांच्या जागी माणसे भरून पलटणी पुन्हा उभ्या केल्या गेल्या.

१११वी महार पलटणही अशीच वेगळी ओळखावी लागते. ती जून १९१७मध्ये मनमाडला उभी राहिली आणि १९२१मध्ये विसर्जित झाली. आजची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ची. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकाला ‘महार रेजिमेंटचे’ लिहिणे चुकीचे ठरते, ‘१११वी महार’ असेच लिहावे.

जिथे पलटण हा शब्द चालत नाही

रणगाडा दलात रेजिमेंट हेच बटालियनच्या तोडीचे युनिट आहे. तिथे कंपनीच्या जागी स्क्वाड्रन आणि प्लाटूनच्या जागी ट्रूप. पूना हॉर्स ही एकच रेजिमेंट, क्रमांक १७. ‘पूना हॉर्सची १७वी बटालियन’ असे काही नाही. घोडदळाच्या परंपरेमुळे हुद्देही वेगळे आहेत. सुभेदाराच्या जागी रिसालदार, हवालदाराच्या जागी दफेदार, शिपायाच्या जागी सवार. बातमीत ‘पूना हॉर्सचे हवालदार’ असे आले, तर हुद्दा किंवा युनिट यांतले एक नक्की चुकले आहे.

तोफखान्यातही रेजिमेंट हे युनिट आहे. तिच्या बॅटऱ्या असतात आणि जवान गनर असतो. इंजिनीअर्समध्ये सॅपर. त्यांच्या कंपन्यांना स्वतंत्र क्रमांक असतात. परमवीर चक्र मिळवणारे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे ३७ असॉल्ट फील्ड कंपनीत होते. इथे ‘कोणत्या बटालियनची कंपनी?’ हा प्रश्नच येत नाही. या सगळ्यांसाठी एकच सोयीचा शब्द हवा असेल तर ‘युनिट’ लिहा. सैनिकही तोच वापरतात.

राज्य राखीव पोलीस बलात बटालियनला मराठीत ‘गट’ म्हणतात. गट क्रमांक १ आणि २ पुण्याला, ३ जालन्याला, ५ दौंडला, आणि प्रमुखाला समादेशक. पोलिसांसाठी पलटण लिहू नये. एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) ५वी बटालियन तळेगावजवळ सुदुंबरे इथे आहे, पण पुराच्या ठिकाणी येते ते तिचे पथक. ‘एनडीआरएफची बटालियन दाखल’ असे लिहिले की मदतीचा आकडा कितीतरी पटींनी वाढतो. लष्कराकडून मदतीला ‘कॉलम’ येतो, त्याची संख्या कामाप्रमाणे ठरते, म्हणून तिथे ‘तुकडी’ योग्य. तुकडी हा शब्द खरे तर फार उपयोगी आहे. नेमका आकार माहीत नसेल तेव्हा तो कधीच चुकत नाही.

इतिहास लिहिताना शिवकाळात पलटण आणू नका. सभासद बखरीत पागेची रचना आहे: २५ बारगिरांवर (सरकारी घोड्यावरच्या स्वारांवर) एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी. पायदळासाठी हशम आणि पाईक हे शब्द आहेत. पलटण मराठीत खऱ्या अर्थाने स्थिरावली ती अठराव्या शतकात, कवायती पायदळाबरोबर. महादजी शिंद्यांनी १७८४मध्ये डी बॉयन या युरोपीय सेनानीला चाकरीत घेऊन अशा पलटणी उभारल्या. अनेक पलटणींचा मिळून ‘कंपू’ होई, आजच्या ब्रिगेडसारखा. मैत्रीतल्या टोळक्यासाठी आपण जो कंपू म्हणतो, तो हाच.

ज्या पलटणीचा, तिचाच उल्लेख हवा

शहीद जवानाच्या बातमीत सर्वांत जास्त दुखावणारी चूक ही असते. राष्ट्रीय रायफल्सची स्वतःची थेट भरती नाही. १९९०मध्ये उभ्या राहिलेल्या या दलात जवान आणि अधिकारी आपापल्या मूळ युनिटमधून काही काळासाठी जातात. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५मध्ये कुपवाड्यात धारातीर्थी पडले तेव्हा ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर होते. त्यांची मूळ पलटण २१ पॅरा, आणि तीही आधी २१ मराठा लाइट इन्फन्ट्री होती. दोन्ही लिहायला हवे: ‘२१ पॅराचे, ४१ राष्ट्रीय रायफल्समध्ये कार्यरत’. फक्त नेमणुकीचे युनिट लिहिले की ज्या माणसांबरोबर आयुष्य काढले त्यांचे नाव राहून जाते. कुटुंबाला ते जाणवते आणि पलटणीलाही. बातमी छापण्याआधी ‘मूळ पलटण कोणती?’ एवढा एक प्रश्न विचारायला अर्धा मिनिट लागते.

टेरिटोरियल आर्मीच्या पलटणींना तीन आकडी क्रमांक असतात, उदाहरणार्थ कोल्हापूरची १०९ इन्फन्ट्री बटालियन, मराठा लाइट इन्फन्ट्रीशी संलग्न. पहिल्या महायुद्धातल्या १०३-११७ या क्रमांकांशी तिचा संबंध जोडू नये. आधी साल पाहा, मग आकडा.

व्याकरण

पलटण स्त्रीलिंगी. एक पलटण, दोन पलटणी. विभक्ती लावताना पलटणीत, पलटणीने, पलटणीचा. अनेकवचनी पलटणींनी, पलटणींचा. ‘पलटणने’, ‘पलटणमध्ये’ अशी रूपे बोलताना ऐकू येतात, पण लेखनात टाळावीत. पुणेरी पलटण या कबड्डी संघासारखे विशेषनाम असेल तर ‘पलटणने’ असे वर्तमानपत्रे लिहितात, ते चालते. शेवटचा ‘ण’ मराठीत ठेवा. ‘न’ फक्त हिंदी नावात, जसे मेरठचे काली पलटन मंदिर. आणि साताऱ्यातले गाव फलटण, त्यात ‘फ’. टंकलेखनाची आपोआप दुरुस्ती या दोन शब्दांची अदलाबदल करते, म्हणून छापण्याआधी दोन्ही शब्द शोधून एकदा नजरेखालून घाला. ‘पोरांची पलटण’ हा लाक्षणिक वापर घरगुती लेखनात छान वाटतो, पण सैनिकावरच्या लेखात तोच शब्द दोन अर्थांनी वापरू नये.

माहिती कुठून काढायची

सुरुवात घरातल्या पेटीपासून करा. डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा आदेश, म्हणजे पीपीओ, या दोन कागदांवर सैनिकी क्रमांक, हुद्दा आणि रेजिमेंट मिळते. पदके असतील तर त्यांची कड पाहा. बहुतेक पदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि युनिटचे संक्षिप्त नाव कोरलेले असते. उजेड एका बाजूने तिरका पाडून, भिंगातून वाचा आणि फोटो काढून ठेवा. पॉलिश लावून घासू नका. पिढ्यान्‌पिढ्या दसऱ्याला घासल्यामुळे अनेक पदकांची अक्षरे गेली आहेत, आणि पलटणीचा एकमेव पुरावा तोच होता. जुन्या फोटोत टोपीवरचा किंवा खांद्यावरचा बिल्ला दिसत असेल, तर रेजिमेंट कळते, बटालियनचा आकडा सहसा कळत नाही.

सैनिकी क्रमांक मिळाला की त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला आहे. अर्जात क्रमांक, पूर्ण नाव, वडिलांचे नाव, गाव-तालुका-जिल्हा आणि भरतीचे साल द्या, नाते सिद्ध करणारा कागद जोडा. त्या काळचा जिल्हा लिहा, आजचा तालुका तेव्हा वेगळ्या जिल्ह्यात असू शकतो. नावाचे इंग्रजी स्पेलिंग कागदावर जसे आहे तसेच द्या, सुधारून नको. जुनी स्पेलिंगे विचित्र असली तरी नोंद त्याच स्पेलिंगने लागलेली असते. अर्ज कसा करायचा ते समजत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. साताऱ्यातले आपशिंगे मिलिटरी किंवा कोल्हापुरातली सैनिक टाकळी अशा गावांत माजी सैनिकांनाच विचारले तरी आजोबांच्या पलटणीचा आकडा पुष्कळदा मिळतो. मात्र तो कागदाशी ताडून पाहावा, कारण एकाच माणसाने दोन पलटणींत नोकरी केलेली असते आणि लोकांच्या लक्षात शेवटची राहते.

एवढे करूनही आकडा मिळाला नाही, तर अंदाजाने भरू नका. ‘मराठा लाइट इन्फन्ट्रीत शिपाई, १९४१ ते १९४६’ एवढे लिहा आणि स्मारकाच्या दगडावर नावापुढे थोडी जागा मोकळी सोडायला कारागिराला सांगा.